उसाचे पेट्रोल आणि अज्जांची गाडी

आमच्या घरात उसाला दोन नावे आहेत. माझ्या तोंडी ऊस, सासरच्या मंडळींच्या तोंडी कब्बु. मुले दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरतात आणि त्यात काही वेगळे घडते आहे असे त्यांना वाटतही नाही. पण गेल्या तीन-चार वर्षांत या उसाला आमच्या घरी तिसरे नाव मिळाले : इथेनॉल. धाकटे दीर हुक्केरीकडच्या गावी शेती पाहतात. कारखान्याने बिल वेळेवर दिले की ते म्हणतात, "वहिनी, इथेनॉलची कृपा!" आणि अंगणातल्या आमच्या जुन्या लाल गाडीत काही बिघडले की आमचे हे म्हणतात, "इथेनॉलची अवकृपा!" दोघे सख्खे भाऊ, ऊस एकच, आणि दोघांचेही म्हणणे थोडेफार खरे. या दोन खऱ्यांमध्ये उभे राहून मी जे शिकले ते आज सांगणार आहे. ज्यांच्या घरी जुनी पेट्रोल गाडी किंवा स्कूटर अजून फिरते आहे, त्यांना ते उपयोगी पडेल.

ही गाडी माझ्या सासऱ्यांची. मुले त्यांना अज्जा म्हणतात, म्हणून मीही अज्जाच म्हणते. हायस्कुलात मास्तर असताना १९९७ साली त्यांनी पीएफवर कर्ज काढून ती घेतली. छोटी, तीन सिलिंडरची, कार्बोरेटरवाली. पंधरा वर्षे झाल्यावर २०१२ मध्ये नोंदणीचे नूतनीकरण केले, मग २०१७, मग २०२२. आता पुढचे २०२७ ला. अज्जांचे वय चौऱ्याऐंशी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी स्वतःहून किल्ली माझ्या हातात दिली आणि तेव्हापासून ही गाडी मी चालवते. महिन्यातून एकदा त्यांना गावी न्यायचे, आठवड्यातून दोनदा भाजी-बाजार, नातीला शिकवणीला सोडायचे, एवढाच तिचा प्रवास.

गाडीच्या कप्प्यात एक लांबट वही असते. किती लिटर भरले, किती किलोमीटर झाले, हे अज्जांनी सत्तावीस वर्षे त्यात लिहिले. अक्षर कन्नड, आकडेही कन्नड. किल्ली माझ्याकडे आल्यापासून मी मराठीत लिहिते. बऱ्याच वर्षांच्या नोंदीत ही गाडी लिटरला अठराच्या आसपास होती. अलीकडच्या माझ्या नोंदी साडेसोळा-पावणेसतराच्या. ह्यांना वाटले माझा पाय जड आहे. अज्जांनी भिंग घेऊन वही चाळली आणि म्हणाले, "पाय नाही, पेट्रोल बदललंय."

अज्जांचे म्हणणे हिशेबालाही धरून आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचवा हिस्सा इथेनॉल असलेले ई-२० भरले, की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाने २०२१ च्या जूनमध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीत ई-२० ने सहा ते सात टक्के घट येईल असे म्हटले होते. ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत ती एक-दोन टक्केच. अठराचे सात टक्के काढले तर पावणेसतरा उरतात. म्हणजे माझ्या पायावरचा आळ गेला.

मायलेजचे दुःख मात्र सोसण्यासारखे असते. खरी काळजी २०२५ च्या पावसाळ्यात सुरू झाली. नातीला मागे बसवून टिळकवाडीतून येत होते. घरी पोचून गाडी बंद केली आणि अज्जा पायरीवरूनच म्हणाले, "पेट्रोल वासनी बराकत्तैती, यव्वा." मलाही वास आला. बॉनेट उघडले. फिल्टरकडून पंपाकडे जाणारी रबरी नळी टोकाला ओलसर होती, आणि तिथून वीतभर अंतरावर तापलेले इंजिन. मागच्या सीटवर सात वर्षांची मुलगी दप्तर आवरत होती. मी तिला आधी खाली उतरवले आणि गाडी तिथेच ठेवली. त्या क्षणापासून हा विषय पैशांचा राहिला नाही.

मेस्त्री घरीच आले. खानापूर रोडच्या बाजूला त्यांचे छोटे गॅरेज आहे. त्यांनी नळी बोटांनी दाबली तर ती पिकलेल्या केळ्यासारखी मऊ. दुसरी एक नळी काढून वाकवली तर तिला बारीक भेगा. मला कोडे पडले. एकच पेट्रोल, एक नळी मऊ आणि दुसरी कडक कशी? मेस्त्री म्हणाले, "दोन्ही एकाच रोगाची लक्षणं, ताई. जिथं पेट्रोल कायम भरलेलं असतं तिथं रबर फुगतं. जिथं कधी ओलं कधी सुकं, तिथं रबरातला तेलकटपणा निघून जातो आणि ते तडकतं."

हे त्यांनी अनुभवातून सांगितले. त्यामागचे कारण मला उद्यमबागेत मिळाले. आपल्या बेळगावात फाउंड्री आणि हायड्रॉलिकचा धंदा इतका मुरलेला आहे, की तेलाला कोणते रबर चालते हे सांगणारा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. सील आणि होजच्या एका दुकानात मालकांनी टेबलावर तीन तुकडे ठेवले. पहिला साध्या रबराचा, दुसरा नायट्राइलचा, तिसरा फ्लोरो-रबराचा, ज्याला बाजारात सगळे व्हायटॉन म्हणतात. नैसर्गिक रबर पेट्रोलला मुळीच चालत नाही. नायट्राइल पेट्रोलला उत्तम, म्हणून जुन्या गाड्यांत तेच वापरत. पण पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले की नायट्राइल अधिक फुगते. गंमत अशी, की निव्वळ पेट्रोलात किंवा निव्वळ इथेनॉलात ते जेवढे फुगते, त्याहून दोन्हींच्या मिश्रणात जास्त फुगते. फ्लोरो-रबर हे सगळे सोसते, पण महाग. म्हणून होजमध्ये आतला पातळ थर फ्लोरो-रबराचा, मध्ये धाग्याची वीण आणि वर साधे टिकाऊ रबर असते. त्यावर छापलेला शिक्का पाहून घ्यायचा : एसएई जे-३० आर-९. आर-७ हा कार्बोरेटरच्या कमी दाबाला पुरणारा जुना दर्जा. टाकीच्या आत पेट्रोलात बुडून राहणारी नळी लागत असेल तर आर-१०, कारण तिला बाहेरूनही पेट्रोल लागते. मालक कन्नडमध्ये सांगत होते, मी मराठीत टिपून घेत होते आणि शिक्क्यावरची अक्षरे इंग्रजी. बेळगावात याला कोणी कौतुकाने पाहात नाही.

घरी मात्र या खरेदीवरून सभाच भरली. मुलगा फोनवरून म्हणाला, "आई, गाडी मोडीत द्या." ह्यांचे मत, इथेनॉल नसलेले पेट्रोल मागायचा आपला हक्क आहे. त्यांना मी आठवण करून दिली, की अशाच मागणीची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. दीर आले होते, त्यांना राग आला. "तुम्हाला दीड किलोमीटर कमी पडतं म्हणून रडता. आमचं बिल दोन-दोन वर्षं थकायचं, ते विसरलात?"

ते विसरण्यासारखे नाहीच. साखरेचा भाव पडला की कारखान्याकडे पैसा नसे आणि शेतकऱ्याचे लग्नकार्य अडे. मळीचे आणि रसाचे इथेनॉल करून तेल कंपन्यांना विकता येऊ लागले, तेव्हा कारखान्याला दुसरा हात मिळाला. आणि ही कल्पना काही आजची नव्हे. इंधनात मद्यार्क मिसळण्यासाठी आपल्याकडे १९४८ मध्येच कायदा झाला होता. २००१ साली ज्या तीन ठिकाणी मिश्रणाचा प्रयोग झाला, त्यांत बरेलीबरोबर मनमाड आणि आपली शेजारीण मिरज होती. २००३ च्या जानेवारीत नऊ राज्यांत पाच टक्क्यांचा कार्यक्रम सुरू झाला, पण तो बरीच वर्षे रखडत चालला. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर वेग आला. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के गाठले, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरूच्या कार्यक्रमात ई-२० ची विक्री सुरू झाली, आणि आधी २०३० साठी ठेवलेले वीस टक्के २०२५ मध्येच गाठले गेले. मधेच २०२३ च्या डिसेंबरमध्ये साखर कमी पडेल या भीतीने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि पुढच्या हंगामासाठी ते उठवले गेले. आता तर उसापेक्षा मक्याचे इथेनॉल जास्त होते, ही गोष्ट दिरांना फारशी आवडत नाही.

नातीने तेवढ्यात हिशेब काढला. तिला मी एवढेच सांगितले होते, की एक टन उसाच्या रसापासून साधारण सत्तर लिटर इथेनॉल होते. "मग आजी, आपण पंचवीस लिटर भरलं तर पाच लिटर इथेनॉल, म्हणजे सत्तर किलो ऊस! आपण काकाअज्जांचा ऊसच जाळतो की!" सगळे हसले. अज्जा हसले नाहीत. ते म्हणाले, "कब्बु आपलं, गाडी आपली. मग नळी पण आपणच बदलायची. भांडण कशाला?" सभा तिथेच संपली.

ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी आता नीट क्रमाने सांगते. फक्त गळणारा तुकडा बदलून भागत नाही. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल जिथे जिथे रबराला भेटते, त्या सगळ्या जागा मोजाव्या लागतात. आमच्या गाडीत टाकीच्या तोंडाशी एक, पोलादी पाइप संपतो तिथून फिल्टरपर्यंत दुसरी, फिल्टर ते पंप तिसरी, पंप ते कार्बोरेटर चौथी. उरलेले पेट्रोल टाकीकडे परत नेणाऱ्या नळ्या वेगळ्या, वाफेची वेगळी आणि भरायच्या तोंडाची जाड नळी वेगळी. लोक पुढे जाणाऱ्या नळ्या बदलतात आणि परतीच्या विसरतात, असे मेस्त्रींचे म्हणणे. त्यांनी जुनी नळी काढताना प्रत्येकीला चिकटपट्टी लावून आकडा घातला, म्हणजे पुढची-परतीची अदलाबदल नको.

दुसरे, पट्ट्या. जुन्या तारेच्या क्लिपा ढिल्या झालेल्या असतात, आणि साधी दातेरी जुबली क्लिप जास्त आवळली तर होजमध्ये रुतते. इंधनाच्या होजसाठी गुळगुळीत काठाची स्क्रूवाली पट्टी मिळते, ती घ्यावी. पोलादी पाइपांच्या टोकांचा गंजही घासून काढावा, नाहीतर नव्या नळीला आतून ओरखडा जातो.

तिसरे, पंप आणि कार्बोरेटर. आमच्या गाडीचा पंप यांत्रिक, त्यात रबरी पडदा असतो. तो फाटला तर पेट्रोल बाहेर गळते किंवा इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. म्हणून पडदा, कार्बोरेटरमधला छोटा पडदा, सुईचे टोक, गॅस्केटे आणि ओ-रिंगा सगळे एकाच वेळी बदलले. नव्या किटवर इथेनॉलला चालेल असे लिहिलेले आहे का, ते मेस्त्रींनी मला वाचायला लावले. जस्ताच्या आणि पितळेच्या भागांवर पांढरट-हिरवट थर आला होता, तो साफ केला.

चौथे, टाकी आणि फिल्टर. इथेनॉल हे चांगले विरघळवणारे द्रव्य आहे. टाकीच्या तळाला वर्षानुवर्षे बसलेला चिकट साका ते सोडवते आणि पुढे पाठवते. आमची टाकी उतरवून धुतली तेव्हा चहाच्या गाळासारखा गाळ निघाला. नवा फिल्टर घालूनही पाचशे किलोमीटरनंतर तो पुन्हा बदलायचा, असे ठरवूनच काम केले. पाचशेनंतर काढला तेव्हा तो खरेच काळा झाला होता.

पाचवे, मिश्रण. पेट्रोलच्या एका भागाला जळायला पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटर बिचारा आंधळा. तो जुन्याच मापाने देतो, म्हणून मिश्रण हवेकडे झुकते, सकाळी इंजिन अडखळते आणि जास्त तापते. मेस्त्रींनी मिश्रणाचा स्क्रू थोडा फिरवून बसवला आणि मुख्य जेट एक माप मोठे घातले. जेटमध्ये तार घालून भोक वाढवणारे लोक आहेत, त्यांच्याकडे गाडी देऊ नका. ते भोक परत लहान होत नाही.

सहावी गोष्ट पाण्याची, आणि बेळगावच्या पावसात ती विसरून चालणार नाही. मेस्त्रींनी काचेच्या मापात नव्वद मिली पेट्रोल घेतले, दहा मिली पाणी ओतले, हलवले आणि ठेवून दिले. खाली पाण्याचा दहाचा थर दिसायला हवा होता. तो पंचवीसच्या पुढे गेला! इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे गेले. टाकीत पाणी जास्त झाले तर हेच होते. तळाशी पाणी आणि इथेनॉल बसते, पंप नेमके तेच ओढतो, आणि पोलाद तिथूनच गंजते. म्हणून पावसाळ्यात टाकी अर्ध्याहून खाली जाऊ द्यायची नाही, झाकणाचे रबर चांगले ठेवायचे आणि गाडी महिनोन् महिने उभी करायची नाही. अज्जांना आता आठवड्यातून एकदा फेरीला जायला वैद्यकीय नव्हे पण यांत्रिक कारण मिळाले आहे.

सुटे भाग, टाकीची सफाई आणि मजुरी धरून साडेसात हजार रुपये झाले. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये म्हटले होते, की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केटे बदलावी लागू शकतात, आणि ते काम स्वस्तात, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होते. आमचा अनुभव सांगतो, की काम अवघड नाही, पण ते आपणहून करून घ्यावे लागते. आणि ज्याची स्कूटरच पोटापाण्याची आहे त्याला हजार रुपयेही स्वस्त नसतात. दूधवाल्याला, पेपरवाल्याला ही माहिती कोणी सांगितली आहे का? पंपावर "ई-२०" असा फलक असतो, पण नळीबद्दल तिथे काही लिहिलेले नसते. १ एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्या या इंधनाला सोसणाऱ्या साहित्याच्या आहेत. काळजी आहे ती त्याआधीच्या लाखो गाड्यांची.

एक गैरसमजही दूर करते. नळ्या बदलल्या म्हणजे गाडी निव्वळ इथेनॉलवर चालेल असे नाही. ब्राझीलमध्ये १९७५ ला इथेनॉलचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि १९७९ मध्ये पूर्ण इथेनॉलवरची गाडी बाजारात आली. ती तशी बनवलेलीच होती. थंडीत इथेनॉलची वाफ होत नाही म्हणून सुरू करण्यापुरती पेट्रोलची वेगळी छोटी टाकी तिला असे. २००३ नंतर तिथे कोणतेही मिश्रण ओळखणाऱ्या फ्लेक्स गाड्या आल्या. तिथे गाड्या आणि इंधन बरोबरीने बदलले, आणि साध्या पेट्रोलमधले इथेनॉल २०२५ च्या ऑगस्टमध्ये तीस टक्क्यांवर गेले. आपल्याकडे इंधन धावत पुढे गेले आणि जुन्या गाड्या मागून येत आहेत.

मराठीत म्हण आहे, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. दिरांना मी ती ऐकवली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, मूळ ठेवलं तरच खोडवा येतो, हे आम्हाला सांगता?" मग गेल्या दिवाळीत ते स्वतः गावातल्या तीन जुन्या मोटरसायकली घेऊन आमच्या मेस्त्रींकडे आले. ऊस पिकवणाऱ्याच्या गाडीलाही नळी असतेच की.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. या रविवारी बॉनेट उघडा किंवा स्कूटरची सीट उचला. इंजिन थंड असताना नळी बोटांनी दाबा, वाकवून पाहा, वास घ्या. मऊ, चिकट किंवा तडकलेली वाटली तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, आणि नवी घेताना तिच्यावरचा शिक्का वाचून घ्या.

आमच्या गाडीची नोंदणी २०२७ पर्यंत आहे. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्येच पाच हजार झाले, पुढे काय होईल तेव्हा पाहू. वहीत नळ्या बदलल्याच्या तारखेखाली अज्जांनी बऱ्याच वर्षांनी स्वतः एक ओळ लिहिली. थरथरत्या कन्नड अक्षरांत, आठही नळ्यांची नावे, एकाखाली एक. त्याखाली नातीने मराठीत लिहिले आहे : "पुढची तपासणी मी करणार."